गळ्यातील पट्टा

भेदभाव कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही, हे वाक्य आपण अनेक व्यासपीठांवरून ऐकले आहे. ऐकताना मान डोलावली आहे, आणि घरी परत जाऊन शेजारी नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ हाच विचारला आहे. भेदभाव जर जन्माबरोबर येत नसेल, तर तो कोण शिकवतो? किती दिवसांत शिकवून होतो? आणि जे शिकवता येते ते उलगडूनही दाखवता येते काय? या प्रश्नांची उत्तरे काही शिक्षकांनी व मानसशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष शाळेच्या वर्गात शोधली. त्या प्रयोगांची ओळख करून देणे, त्यांतून काय निष्पन्न झाले ते सांगणे, आणि आपल्या गावच्या शाळेत त्यांतले काय घेण्यासारखे आहे व काय टाळण्यासारखे आहे याचा विचार करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही शिक्षक नव्हे. शिक्षणशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे वाचले ते कामाच्या पाळ्या सांभाळून वाचले. परंतु कामगार संघटनेचे काम करणाऱ्याला हा विषय टाळून चालत नाही. मालकाशी बोलणी करताना जेवढा घाम गाळावा लागत नाही, तेवढा एका कामगाराला दुसऱ्या कामगाराच्या शेजारी बसवताना गाळावा लागतो. ज्या भिंती आम्हांला कारखान्यात आढळतात त्यांचा पाया चाळीस वर्षांच्या माणसाच्या मनात त्या दिवशी घातलेला नसतो. तो फार आधी, पाटी-दप्तराच्या वयात घातलेला असतो. म्हणून शाळेच्या वर्गात डोकावणे आम्हांला भाग पडते.

आता ज्या प्रयोगाची हकीकत सांगावयाची, तिची सुरुवातही एका संपापासूनच होते. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात मेम्फिस नावाचे शहर आहे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी तेथे पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार, गाडीतील दाबयंत्र अचानक सुरू झाल्याने चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १३०० सफाई कामगारांनी संप पुकारला. हे कामगार जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय होते. त्यांच्या मागण्या मजुरीच्या, सुरक्षिततेच्या आणि संघटनेला मान्यता मिळावी अशा होत्या. पण हातांतील फलकांवर त्यांनी लिहिले होते ते एवढेच की, आपण माणूस आहोत. या संपाला पाठिंबा देण्यासाठी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला गेले, आणि ४ एप्रिल १९६८ रोजी तेथेच गोळी घालून त्यांचा खून करण्यात आला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मेम्फिसपासून शेकडो मैल दूर, आयोवा राज्यातील राइसव्हिल या हजारभर वस्तीच्या शेतकरी गावात जेन एलियट नावाच्या शिक्षिका तिसरीच्या वर्गाला शिकवीत असत. गावात सगळे गोरे. वर्गातील मुलांचा काळ्या माणसांशी कधी संबंध आलेला नव्हता, तरी काळी माणसे कशी असतात याविषयीची मते मात्र त्यांच्यापाशी तयार होती. किंग यांना का मारले, हे या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना नुसत्या शब्दांनी कसे सांगावे असा प्रश्न बाईंपुढे पडला. त्यांनी मुलांना विचारले, रंगावरून माणसाला कसे वागवतात ते तुम्हांला अनुभवून पाहायचे आहे काय? मुले हो म्हणाली. मग त्यांनी वर्गाचे दोन भाग केले. एका भागात निळ्या डोळ्यांची मुले, दुसऱ्या भागात तपकिरी डोळ्यांची.

पुढे दरवर्षी नव्या वर्गात त्यांनी हा पाठ घेतला. १९७० सालच्या वर्गाचे चित्रीकरण झाले व ते दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आले, त्यामुळे त्या वर्गात काय घडले ते आज कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. वर्गात सोळा मुले होती. पहिल्या दिवशी बाईंनी जाहीर केले की, निळ्या डोळ्यांची माणसे श्रेष्ठ, अधिक हुशार, अधिक स्वच्छ. वॉशिंग्टनचे डोळे निळे होते, हा त्यांचा एक पुरावा. श्रेष्ठांना मधल्या सुट्टीत पाच मिनिटे जास्त. जेवताना पुन्हा वाढून घेण्याची मुभा त्यांनाच. पाण्याच्या नळाला तोंड लावण्याचा हक्कही त्यांनाच. तपकिरी डोळ्यांच्या मुलांनी कागदी पेल्याने पाणी प्यावे. दोन्हींनी एकत्र खेळू नये. आणि लांबून पाहताच कोण कोणत्या बाजूचा ते कळावे म्हणून तपकिरी डोळ्यांच्या प्रत्येक मुलाच्या गळ्याभोवती एक कापडी पट्टा बांधण्यात आला.

कालपर्यंत एका बाकावर बसणारी ही मुले. बाईंनी पुढे सांगितले की, सहकार्याने वागणारी ही गोड लेकरे पंधरा मिनिटांच्या आत दुष्टपणा करू लागली. मधल्या सुट्टीत एका मुलाने दुसऱ्याला ठोसा मारला. कारण काय, तर तो आपल्याला ‘तपकिरी डोळ्या’ म्हणाला. तपकिरी डोळे हे त्या मुलाचे कालपर्यंत साधे वर्णन होते. एका सकाळीत त्याची शिवी झाली. पट्टेवाली मुले ऐकेनाशी झाली तर हाताशी छडी असू द्या, असा सल्ला एका मुलाने बाईंना आपणहून दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चक्र उलटे फिरवले. काल आपण खोटे बोललो, खरे तर तपकिरी डोळ्यांचीच माणसे श्रेष्ठ, असे त्यांनी सांगितले. निळ्या डोळ्यांचा एक मुलगा त्या दिवशी चष्मा घरी विसरून आला होता. बाईंनी लगेच तो पुरावा म्हणून वर्गापुढे धरला : पाहा, निळे डोळे, विसरायचाच. तपकिरी डोळ्यांच्या मुलीने मात्र आपला चष्मा आठवणीने आणला आहे. पट्टे या गळ्यांतून त्या गळ्यांत गेले.

या दोन दिवसांत घडलेली एक गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्गात शब्दांच्या पत्त्यांचा एक गठ्ठा होता, आणि तो किती वेळात वाचून होतो हे घड्याळ लावून पाहण्यात येई. तपकिरी डोळ्यांच्या गटाला गळ्यात पट्टा असताना तो गठ्ठा संपवायला साडेपाच मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी पट्टा उतरला तेव्हा त्याच मुलांनी तोच गठ्ठा अडीच मिनिटांत संपवला. काल एवढा वेळ का लागला असे विचारल्यावर मुलांनी सांगितले की, सारखे पट्ट्याकडेच लक्ष जात होते.

कामावर माणसे कशी खचतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या घड्याळाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. शेवटी बाईंनी सगळे पट्टे काढायला सांगितले, खरी गोष्ट उलगडून सांगितली, आणि मुले रडत-हसत एकमेकांच्या जवळ आली. १९८४ साली त्या सोळांपैकी अकरा जण, मोठे झाल्यावर, आपल्या बाईंना भेटायला त्याच शाळेत जमले. तो धडा आपण विसरलो नाही व आपल्या मुलांना वाढवताना तो उपयोगी पडला, असे त्यांनी सांगितले. गावाने मात्र बाईंचे कौतुक केले नाही. त्यांच्या घरच्यांना त्रास झाला, मुलांना शाळेत छळ सोसावा लागला, आई-वडिलांच्या उपाहारगृहाचे गिऱ्हाईक तुटले. घरातली घाण दाखवणाऱ्यावर घर रागावते, हा अनुभव साऱ्या देशांत सारखाच आहे.

या प्रयोगाची यंत्रणा आता सुटी करून पाहू. एखादे यंत्र बिघडले तर कारागीर त्याचे भाग वेगळे करून मांडतो, तसे हे भाग मांडले म्हणजे चार दिसतात. पहिला भाग खूण : डोळ्यांचा रंग आणि त्यावर बांधलेला पट्टा. दुसरा भाग सवलत : पाच मिनिटे, पुन्हा वाढप, पाण्याचा नळ. सवलत नसती तर नुसत्या खुणेसाठी कोणी भांडले नसते. तिसरा भाग शास्त्र : अमुक डोळ्यांची माणसे अधिक हुशार असतात, असा मोठ्या माणसाने गंभीर चेहऱ्याने दिलेला दाखला. आणि चौथा भाग पुरावा : कोणी चष्मा विसरला, कोणी वाचनात अडखळला, की बोट दाखवायचे. यातला पुरावा सर्वांत घातकी, कारण तो पट्ट्यानेच निर्माण केलेला असतो. आधी पट्टा बांधून मुलाचे वाचन बिघडवायचे, आणि मग बिघडलेले वाचन दाखवून पट्टा योग्य होता असे म्हणायचे. वर्तुळ पुरे झाले. या चारही भागांच्या मागे एक हात आहे, तो म्हणजे अधिकाराच्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीचा. मुलांच्या मनात द्वेष आधीपासून शिजत नव्हता. व्यवस्था लावण्यात आली आणि द्वेष तिच्यामागून चालत आला.

हे आमच्या मनचे तर्कट नव्हे हे पटावे म्हणून आपल्याच मुलखातला दाखला घेऊ. मुंबईच्या कापडगिरण्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारो अस्पृश्य कामगार होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. विणकाम खात्यात मजुरी चांगली होती, आणि ती अशा रीतीने राखीव राहिली. काही गिरण्यांत पिण्याच्या पाण्याचे माठही वेगळे असत. १९२८ सालच्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. आता वरचे चार भाग येथे लावून पाहा. खूण जातीची. सवलत विणकामाच्या मजुरीची. शास्त्र विटाळाचे. आणि पुरावा? या लोकांना विणकाम येत नाही, हा. ज्याला साच्याजवळ कधी उभेच केले नाही त्याला विणकाम येणार कोठून? राइसव्हिलच्या वर्गात पट्टा दोन दिवसांत उतरला. गिरणीतला पट्टा पिढ्यान् पिढ्या उतरला नाही, एवढाच काय तो फरक.

यानंतर साहजिक शंका येते की, एका शिक्षिकेच्या एका वर्गावरून केवढे अनुमान काढायचे? शंका रास्त आहे, आणि म्हणून इतरांनी काय पाहिले तेही सांगितले पाहिजे. १९७३ साली वायनर आणि राइट या दोघांनी असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी तिसरीतील गोऱ्या मुलांचे नारिंगी व हिरवे असे दोन गट केले, आणि प्रत्येक गटाला आळीपाळीने हीन ठरवले. नंतर मुलांना विचारण्यात आले की, काळ्या मुलांबरोबर सहलीला जायला आवडेल काय? ज्या वर्गाने हा अनुभव घेतला होता त्यातील मुले, अनुभव न घेतलेल्या वर्गापेक्षा अधिक संख्येने हो म्हणाली. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारले तेव्हाही तो फरक टिकून होता. म्हणजे धड्याचा काही परिणाम होतो. पण मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांवर २००३ साली केलेल्या अभ्यासात निकाल संमिश्र आले. काही समूहांविषयीची मते निवळली, पण त्याबरोबर अनेकांना आपल्या मनातल्या पूर्वग्रहांबद्दल स्वतःचाच राग येऊ लागला. असा राग माणसाला सुधारतोच असे नाही. पुष्कळदा तो त्याला त्या विषयापासून दूर पळायला लावतो.

दुसरा एक प्रयोग शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. रिबेका बिगलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात उन्हाळी शाळेतील सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना निळे व पिवळे सदरे घालायला दिले. येथे कोणी श्रेष्ठ-कनिष्ठ असे काहीच सांगितले नाही. काही वर्गांत शिक्षकांनी त्या रंगांचा फक्त वापर केला : निळ्यांनी या रांगेत उभे राहा, पिवळ्यांनी त्या बाजूला बसा. इतर वर्गांत सदरे तेच, पण शिक्षकांनी रंगाचा उल्लेखच केला नाही. काही आठवड्यांनी पाहिले तो पहिल्या प्रकारच्या वर्गांतील मुले आपल्या रंगाचा गट अधिक चांगला मानू लागली होती. दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत तसे घडले नाही. येथे दुष्ट कोणीच नव्हते. शिक्षकाच्या रोजच्या बोलण्यात खुणेला जागा मिळाली, एवढ्यावर काम झाले.

श्रोतेहो, आता आपल्या गावच्या वर्गात जरा येऊ. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात, आणि शिक्षक सहज म्हणतात, ‘अमुक वर्गातील मुलांनी उभे राहा.’ शिक्षकांच्या मनात काही वाईट नसते; काम लवकर उरकायचे असते. पण चाळीस मुलांपैकी नऊ जण उभे राहतात आणि एकतीस जण वळून त्यांच्याकडे पाहतात. बिगलरबाईंच्या सदऱ्यांचा रंग तो हाच. तीच गोष्ट ‘हुशार’ तुकडी आणि ‘ढ’ तुकडी यांची. तीच गोष्ट झाडलोट करायला नेहमी त्याच दोघांना सांगण्याची. कायद्यात काही कमी नाही. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली तिच्या आचरणाला शिक्षा ठरवणारा कायदा झाला. शाळेतील शिजवलेल्या आहारासाठी स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्तींना अग्रक्रम द्यावा असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले. तो आदेश देताना न्यायालयाला ठाऊक होते की, एका पंगतीत बसून कोणाच्या हातचे खावे हा आपल्याकडे नुसता भुकेचा प्रश्न नाही. तरीही देशाच्या निरनिराळ्या भागांत, स्वयंपाकीण दलित आहे म्हणून मुलांना त्या जेवणापासून दूर ठेवणारे पालक निघालेच. ती मुले घरून काय शिकून येतात, हे वेगळे सांगायला नको.

मग राइसव्हिलचा प्रयोग जसाच्या तसा आपल्याकडे उचलावा काय? आमचे स्पष्ट मत असे की, उचलू नये. कारण साधे आहे. त्या वर्गात सगळी मुले गोरी होती. ज्या भेदाविषयी शिकवायचे होते तो भेद वर्गात हजर नव्हता. म्हणून पट्टा हा खेळातला पट्टा होता आणि तो काढता आला. आपल्या वर्गात तो भेद तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. ज्या मुलाला गावात, विहिरीवर, देवळाच्या पायरीवर आधीच पट्टा बांधलेला आहे, त्याला शाळेत आणखी एक पट्टा बांधून काय शिकवणार? त्याला तो धडा तोंडपाठ आहे. बाबासाहेबांनी आपल्या बालपणाविषयी लिहून ठेवले आहे : वर्गात वेगळे बसायचे, बसायला घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा, आणि तहान लागली तर शिपायाने नळ उघडला तरच प्यायचे, शिपाई नसला तर पाणी नाही. कागदी पेल्याने पाणी पिण्याचा प्रयोग अशा मुलावर करणे म्हणजे जखमेवर जखम करणे होय. शिवाय मुलांना फसवून रडवण्याचा अधिकार शिक्षकाला आहे काय, पालकांची संमती नको काय, हे आक्षेप त्या देशातही घेतले गेले आणि ते वजनदार आहेत.

परंतु चार भाग सुटे करून पाहण्याची जी दृष्टी त्या प्रयोगाने दिली ती घेता येते, आणि तिच्यासाठी कोणाला रडवावे लागत नाही. एखाद्या तासाला चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करावेत. हा खेळ आहे आणि तास संपताच तो संपेल, हे आधीच सांगून ठेवावे. एका गटाला गोष्टीच्या पुस्तकांतून आधी निवड करू द्यावी, दुसऱ्याने उरलेले घ्यावे. खुणेचा मुलांच्या जातीशी, धर्माशी, रंगाशी, गुणांशी काडीचाही संबंध नसावा. खेळ वीस मिनिटांचा, आणि त्यावरचे बोलणे चाळीस मिनिटांचे. खूण काय होती? सवलत काय होती? कारण कोणी सांगितले? पुरावा कोठून आला? हे चार प्रश्न मुलांनी स्वतः फळ्यावर लिहावेत. मग त्यांनीच विचारावे की, असे चार भाग आणखी कोठे दिसतात. मुले उत्तर देतील. आपल्यालाच ते ऐकवणार नाही.

दुसरा पाठ मोजणीचा. संघटनेत आम्ही तक्रार घेऊन व्यवस्थापनाकडे जातो तेव्हा नुसत्या भावना घेऊन जात नाही, मोजून जातो. मुलांनी एक आठवडा वही घेऊन शाळेत हिंडावे. वर्ग कोण झाडतो? पाण्याची टाकी कोण भरतो? शेवटच्या बाकावर कोण बसते? स्नेहसंमेलनातील नाटकात राजा कोण आणि नोकर कोण? मुलींना मैदान किती वेळ मिळते आणि मुलांना किती? नावे लिहू नयेत, आकडे लिहावेत. आकडा कोणाला शिवी देत नाही, म्हणून त्याच्यावर रागावता येत नाही. आणि आठवड्याच्या शेवटी तो आकडा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवावा. नाहीतर मुले एवढेच शिकतील की, अन्याय पाहावा, मोजावा आणि वही मिटावी.

तिसरा पाठ सर्वांत मोलाचा, आणि तोही आजमावलेला. १९७१ साली टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या व मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात आणण्यात आले आणि शाळाशाळांत मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने वर्गांत बसून पाहिले तेव्हा त्यांना दिसले की, शिक्षकाच्या प्रश्नावर हात वर करण्याची जी चुरस चालते तीच आगीत तेल ओतते. दुसरा चुकला म्हणजे आपल्याला संधी, अशी ती रचना. त्यांनी रचनाच बदलली. पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले, धड्याचे तितकेच तुकडे केले, आणि प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. तो तुकडा दुसऱ्या कोणापाशी नाही. परीक्षा मात्र साऱ्या धड्यावर. आता अडखळत बोलणाऱ्या मुलाची थट्टा केली तर आपल्याच धड्याचा एक भाग बुडतो. थोड्याच आठवड्यांत मुले एकमेकांना धीर देऊ लागली, गैरहजेरी कमी झाली, आणि मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले. पुढे असलेल्यांचे घटले नाहीत.

हे आपल्याकडे उद्यापासून करता येईल. महात्मा फुल्यांचा धडा घ्या. त्याचे पाच तुकडे करा : १८२७ चा जन्म व बालपण, १८४८ साली पुण्यात काढलेली मुलींची शाळा आणि सावित्रीबाई, १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला तो प्रसंग, १८७३ सालचा सत्यशोधक समाज, आणि १८८३ सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’. पाच मुले, पाच तुकडे. ज्या मुलाशी घरच्यांनी बोलू नको म्हणून सांगितले आहे, नेमका हौदाचा तुकडा त्याच्याचपाशी आहे. त्याच्याकडून ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही. येथे कोणी कोणाला उपदेश केलेला नाही. केवळ कामाची वाटणी बदलली आहे. कारखान्यातही आम्हांला हेच दिसते. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्या शिरस्त्राणांचे रंग वेगळे, उपाहारगृहातील बाके वेगळी. भाषणे देऊन ते जवळ येत नाहीत. पण ज्या यंत्रावर दोघांचे हात एकदम लागतात, जेथे एकाची चूक दुसऱ्याच्या बोटांवर बेतू शकते, तेथे ते एकमेकांची नावे शिकतात.

काही लोक म्हणतील, लहान मुलांपुढे हा विषय काढायचाच कशाला? त्यांना ठाऊक नसते, ते आपण त्यांच्या डोक्यात घालतो. या समजुतीला उत्तर अमेरिकेतच मिळाले आहे. केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या एकसारख्या, फक्त रंग वेगळा. चांगली बाहुली कोणती असे विचारल्यावर पुष्कळ मुलांनी गोरी उचलली, आणि वाईट कोणती म्हटल्यावर आपल्या रंगाची. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळांची पद्धत घटनाबाह्य ठरवली, त्या निकालात या संशोधनाचा आधार घेतलेला आहे. तीन वर्षांच्या मुलाने भाषणे ऐकली नव्हती. त्याने फक्त भोवतालचे जग पाहिले होते. आपल्याकडे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम १९१९ सालीच काढला, तो हेच ओळखून. मुले गप्प बसलेली असतात म्हणून त्यांना ठाऊक नसते असे समजू नये. आपण गप्प राहिलो तर जगाने दिलेले उत्तर तेवढे त्यांच्यापाशी उरते.

एका तासाने, एका आठवड्याने समाज बदलतो असे आम्ही म्हणत नाही. शाळेत बरोबर बसलेली मुले संध्याकाळी वेगवेगळ्या वस्त्यांत परततात, आणि मजुरीचे, जमिनीचे, घरांचे प्रश्न बाहुल्यांनी व चिठ्ठ्यांनी सुटत नाहीत. त्यांच्यासाठी संघटना लागते, कायदा लागतो, लढा लागतो. परंतु या लढ्यात उद्या जे उतरणार आहेत ते आज तिसरीत आहेत. त्यांना एवढे जरी शिकवता आले की, एखाद्याच्या गळ्यात पट्टा दिसला तर ‘तो असाच आहे’ असे म्हणण्याआधी ‘पट्टा बांधला कोणी आणि त्याने कोणाचा फायदा झाला?’ असे विचारावे, तरी पुष्कळ झाले. शाळा सुरू व्हायला अजून काही आठवडे आहेत. येथे बसलेल्यांपैकी जे शिक्षक असतील, शाळा समितीवर असतील, किंवा नुसते पालक असतील, त्यांनी आपापल्या शाळेत एवढे दोन प्रश्न आधी विचारून पाहावेत : शिष्यवृत्तीचे अर्ज मुलांना उभे न करता भरून घेता येतील काय, आणि वर्ग झाडण्याची पाळी हजेरीपटातील क्रमाने लावता येईल काय? या दोहोंना पैसा लागत नाही, वरून परवानगी लागत नाही. सुरुवात तेथून करावी.